शाईचं वर्तुळ

"आता ही घाल तुझ्या मशीनमध्ये," म्हणत विभागप्रमुखांनी खिशातून डबी काढली आणि डबीतून काचेची एक स्लाइड.

टेबलाभोवतीचे पाचही प्राध्यापक हसले. पॅथॉलॉजी विभागात ही स्लाइड न पाहिलेला माणूस नव्हता. सरांच्या थोरल्या बहिणीच्या गाठीचा तो काप, सरांनी स्वतःच तपासून निरोगी ठरवलेला. निरोगी पेशी कशा दिसतात ते सर तीस वर्षं याच स्लाइडवर शिकवत आले होते. वर्गातही हीच, परीक्षेतही हीच. पोरांनी भलतीकडे बघू नये म्हणून त्यांनी काचेवर शाईनं एक बारीक वर्तुळ काढलं होतं. बहीण पुढे दोन वर्षांत कॅन्सरनं गेली. तो नंतर उपटला, असं सर सांगत, आणि त्यावर कुणी कधी ब्र काढला नव्हता.

कॅन्सरच्या पेशी शोधणाऱ्या त्या मशीनपाशी उभ्या असलेल्या तरुण प्राध्यापिकेला हायसं वाटलं. सकाळपासून मशीननं दहा स्लाइड बिनचूक ओळखल्या होत्या, तरी "आमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" हेच पालुपद चाललं होतं. इकडे तपासणीच्या खोलीत स्लाइड तीन-तीन आठवडे पडून राहत, आणि तोवर आजार हातपाय पसरत असे. मशीन रोजच्या तपासणीला लावायच्या अर्जावर तिला आज फक्त सरांची सही हवी होती. आणि ही स्लाइड तर तिला तोंडपाठ होती.

"मशीन 'काही नाही' म्हणालं, तर आत्ता सही करतो," सर म्हणाले.

पडद्यावर काप उमटला. वर्तुळाच्या पार बाहेर, अगदी कडेला, एक लाल ठिपका लागला.

"झालं! शिकवायच्या स्लाइडलाच रोग चिकटवला!" एका प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली. "गुंडाळा आता."

ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. स्लाइड वर्तुळापासून सरकवत कडेला नेली, तर तिथे खरंच वेड्यावाकड्या पेशींचा पुंजका होता. मशीन चुकलं म्हणणं फार सोपं होतं. सगळे सुटले असते, सरसुद्धा. पण तपासणीच्या खोलीत पडून असलेल्या स्लाइड तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"सर, जरा कडेला बघता?"

सर हसतच वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग रुमालानं भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. खोलीतलं हसू केव्हाच विरलं होतं.

"तेव्हाच होतं," ते म्हणाले. "ताई मला दोनदा विचारायला आली होती. मी तिला चहा पाजून परत पाठवलं."

सरांनी अर्ज पुढे ओढला आणि न वाचता सही केली. पाठोपाठ बाकीच्यांनीही केल्या. चार वर्षं ती याच कागदासाठी झिजली होती. आता तो उचलायला तिचा हात होईना.

"परीक्षेत तुला हीच आली होती ना?" सरांनी विचारलं. "काय लिहिलं होतंस?"

"निरोगी."

"मार्क किती दिले होते मी?"

"पैकीच्या पैकी, सर."