नातीचं नाव केसी

बाप्तिस्मा आटोपून सगळे आयर्लंडमध्ये मेयोतल्या घरी चहाला जमले, तरी मॅलकी आजोबांची धुसफूस थांबेना.

"केसी. हे काय पोरीचं नाव झालं? धड मुलाचं नाही, धड मुलीचं नाही. अमेरिकेतल्या मालिका बघून ठेवलं असणार."

लेक ओर्ला मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं करू लागली. ब्रेडा आजीने किटली टेबलावर आदळली.

"नाव मी सुचवलंय."

"तू? तुला कुठे सापडलं हे?"



"माझ्या बापाच्या थडग्यावर. बेचाळीस वर्षं, दरवर्षी दफनभूमीत होणाऱ्या कबरींच्या प्रार्थनेला मला तुझ्याच माणसांच्या थडग्यांपाशी उभं केलंस. एकदा जरी चार पावलं पुढे आला असतास, तर बायकोचं माहेरचं आडनाव विसरला नसतास."