भिंतीतले गहू

कानबाई देवी बसायला एकच दिवस उरला होता, आणि जिच्यापुढं ती बसायची त्या नव्यानं लिंपलेल्या भिंतीला अंगभर गव्हाचे कोंब फुटले होते.

भागाबाई उपाशीपोटी भिंतीपुढं उभी राहिली. आठ दिवस झड लागलेली, ओल हटत नव्हती. बोटबोटभर हिरवे कोंब, आणि कोंबागणिक लिंपणाचा पोपडा सुटलेला. गेल्या साली प्लेगापायी भावकी मळ्यात पांगली, कानबाई बसलीच नाही. यंदा ती घरी बसवायचा मान भागाबाईचा. पण थोरल्या जावेनं, मंजुळाबाईनं बजावलं होतं, "भिंत नीट नही व्हयनी, ते कानबाई मन्हा घर बसाडसू."

"हाई काय शे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

हिलाल खांबाला टेकून तंबाखू मळत होता. "गहू शेतस."

"भुसा तुम्ही उफनेल व्हता ना?"

"उफनेल व्हता. वारा पडना, मंग मी काय करू?"

भागाबाईनं कपाळाला हात लावला. हा उफणायला उभा राहिला की दरवर्षी वाराच पडायचा. भुशावाचून लिंपणाची माती तडकते, हे त्याला कळत होतं. भुशात दाणा नको, तेवढंच कळत नव्हतं.

ती विळ्यानं कोंब खरवडू लागली. एक कोंब काढला की तळहाताएवढी माती खाली. तेवढ्यात दारात मंजुळाबाई. भागाबाईनं पदर पसरून भिंत झाकली. पण एवढी भिंत पदरात मावते होय?

मंजुळाबाईचं उघडलेलं तोंड मिटेना. मग ती उंबऱ्यातच गुडघ्यांवर आली. "अवं माय! आई आधीच ई बठनी!"

घटकेत गल्ली लोटली. कुणी भिंतीला हळद-कुंकू वाहिलं, कुणी नारळ ठेवला. कोंबांना कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. हिलाल तंबाखू थुंकून, ओंजळ पसरून पुढं झाला. "बठ्ठी आईनी किरपा."

भागाबाईनंही हात जोडले. उपास होता, खोटं बोलवेना. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आई, उनी शे ते बस. पण भुसा कोनी उफनेल व्हता, हाई बठ्ठा गावले सांगी दे."

तोच एक पोपडा कोंबांसकट सुटला, तो नेमका हिलालच्या ओंजळीत.

"परसाद!" मंजुळाबाई ओरडली. "हिलालभाऊले आईनी सोता परसाद दिधा!"

भागाबाईनं पायाशी पडलेला विळा हळूच पदराआड लपवला.