हात काढला होता

"आता बघ. मी हात काढला. घेतलं का त्या को-पायलटनं विमान? नाही घेतलं. तुझा प्रोग्राम बोगस आहे."

"माझा नाही दादा, तुझा आहे," कौमुदी म्हणाली. "मी फक्त शिकवून राहिली."

स्क्रीनवरचं विमान कलत कलत शहराच्या माना विमानतळाच्या अलीकडे शेतात घुसलं. सकाळपासून कितव्यांदा, हे मोजणं कौमुदीनं सोडून दिलं होतं. रविवार होता. चौबे कॉलोनीत तिची मुलं आजही मॅगीवर होती आणि ती इथे बूढापाऱ्यात, भावाच्या माडीवर. आठवडाभर कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंग शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी हा पन्नाशीला आलेला विद्यार्थी, जो स्वतः चुकतो आणि कीबोर्डला रागावतो.

भार्गव पायलट होता. एका खाजगी कंपनीचं आठ सीटचं विमान उडवायचा. मागच्या वर्षी उतरायच्या वेळी हवेतच त्याला झटका आला आणि शेजारी बसलेल्या स्वरदानं, नोकरीत नवीनच लागलेल्या को-पायलटनं, विमान खाली आणलं. सगळे वाचले. त्याचं लायसन तब्येतीमुळे गेलं, त्याबद्दल तो कुणाला बोल लावत नव्हता. त्याचा राग एकाच गोष्टीवर होता. कॅप्टननं कंट्रोल सोडला नाही, ओढून घ्यावा लागला, असं स्वरदानं चौकशीत सांगितलं होतं. भार्गव म्हणत होता, झटका येतोय हे कळताच मी हात काढला, विमान तिच्या हवाली केलं. पोट्टी खोटं बोलते. त्यानं तशी तक्रार केली होती आणि तिचं प्रमोशन अडकलं होतं. उद्या सुनावणी होती.

तिथे तो हे विमान दाखवणार होता. कॅप्टननं हात काढला की शेजारचा किती सहज विमान सांभाळतो, ओढाओढीची गरजच पडत नाही, हे साहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यांच्या कंपनीचं विमान कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरसाठी तयार मिळत नव्हतं, म्हणून स्वतः बनवायला घेतलं. स्क्रीनवर दिसणारा बाहेरचा सांगाडा विकत मिळाला. पण आतली घड्याळं, खटके, चाकं, सगळ्यांना वागायला शिकवायचं म्हणजे प्रोग्रामिंग आलं, आणि प्रोग्रामिंग म्हणजे बहीण आली. कोणता साहेब सुनावणीत बसून कॉम्प्युटरवरचं विमान बघणार आहे, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो जेवत नसे.

नियम साधा होता. विमान वळवायचा हातातला दांडा, म्हणजे जॉयस्टिक, काही सेकंद हलला नाही, की कॅप्टननं हात काढला असं समजायचं आणि पुढचं सगळं, अगदी उतरवण्यापर्यंत, को-पायलटकडे द्यायचं. कौमुदीनं ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. शेवटी वैतागून तिनं दांड्याच्या हालचालीचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात आणून ठेवला.

"आता उडव."

विमान उडालं, वळलं, धावपट्टीकडे निघालं. "काढला," भार्गव म्हणाला.

कोपऱ्यातला आकडा थरथरत राहिला.

"दांडाच खराब आहे. मले वाटलंच होतं. डुप्लिकेट माल."

"सरक."

ती त्याच्या खुर्चीत बसली. विमान वर नेलं आणि हात मांडीवर ठेवला. आकडा थांबला. थोड्या वेळानं को-पायलटनं विमान सरळ केलं. कौमुदीला इतका राग आला की रडू येईलसं वाटलं.

"चालून तर राहिलं, दादा. माझ्या हातून चालते, मग तुझ्या हातून काहून नाही?"

"मले विचारून राहिली? मास्तरीण तू."

तो परत बसला. परत उडवलं. परत "काढला" म्हणाला, आणि आकडा परत थरथरू लागला. सकाळपासून कौमुदी फक्त स्क्रीनकडे बघत होती. हात काढला म्हणणाऱ्या माणसाच्या हाताकडे कशाला कोण बघतं? आता तिनं बघितलं.

"दादा, हात कुठे आहे तुझा?"

"काढला म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

"खाली बघ."

त्यानं बघितलं. हात दांड्यावर होता. चालत्या बसमध्ये कडी धरावी तशी बोटं आवळलेली होती, नखं पांढरी पडली होती. विमान शेतात गेलं. कौमुदीचा सगळा वैताग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी नुसती भीती वाटायला लागली. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरला होता.

"परत लाव," भार्गव म्हणाला.

तिनं लावलं. विमान धावपट्टीच्या रोखानं आल्यावर त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट सोडवलं. दोन्ही हात काखेत घातले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिथे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. स्क्रीनवरचा आकडा थांबला. विमान सरळ झालं, चाकं उघडली, धावपट्टी जवळ आली.

"उतरलं का?" मागे न बघताच त्यानं विचारलं.

"हव," कौमुदी म्हणाली. "तिनं उतरवलं."