पेजेसारखं धुकं

"आई, इथे तीन लाख ऐंशी हजार लिहिलंय." रियानं मोबाइल रश्मीच्या नाकासमोर धरला.

"ते एकाच पानावर आहे गं, तेही इंग्रजी. बाकी दहा ठिकाणी अडतीस लाख आहे. दहाच्या दहा जण चुकतील?"

मालवणच्या मासळीबाजारात सव्वाचार वाजले होते. पाच वाजता शाळेतले सर सगळ्या मुलांचे तक्ते गाडीत घालून ओरोसला निघणार होते, जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला. रियाचा तक्ता तयार होता. काळ्या कागदावर विश्वाचा जन्म, मग तापलेलं, कोंदलेलं धुकं, मग त्यातून पहिल्यांदा मोकळा सुटलेला उजेड. कोऱ्या राहिल्या होत्या दोनच जागा. जन्मानंतर किती वर्षांनी उजेड सुटला, ती एक, आणि खालची संदर्भाची चौकट. संदर्भ खात्रीचा नसेल तर तक्ता गाडीत चढणार नाही, असं सरांनी बजावलं होतं.

रश्मी सकाळपासून शोधत होती. जेवतानाही शोधत होती. आत्ताही एका हातानं बांगड्याचे कल्ले उघडून ताजेपणा बघत होती आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पानं सरकवत होती.

"गो बाय, एक काय तां बघ," मासेवाली शेवंती म्हणाली. "बांगडे नायतर मोबाइल."

"लिही, अडतीस लाख," रश्मी लेकीला म्हणाली. "वाजले बघ किती."

रियानं मोबाइलवरच्या इंग्रजी पानाकडे एकदा पाहिलं. मग तिनं थर्माकोलच्या खोक्यावर तक्ता पसरला, पांढरा मार्कर काढला आणि आकडा घातला. ठळक, ओरोसच्या हॉलमध्ये लांबूनही दिसेल असा.

"काकी, हे कालचे नाय मा?" रश्मीनं बांगडा खाली ठेवला. "पलीकडची पन आजचेच म्हणता. तिच्या बाजूची पन तांच सांगता."

"सगळी सांगतत म्हंजे खरां?" शेवंती हसली. "धा टोपल्यो फिरलस तरी टेम्पो एकच, गो. बर्फ घालून इलेलो. माझे तेवढे रापणीचे. सकाळी किनाऱ्यार जाळां ओढून काढले ते."

रश्मीचा अंगठा थांबला.

तिनं पहिलं पान पुन्हा उघडलं. मग दुसरं. मग सहावं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. 'पहिल्यांदा' हा शब्दही प्रत्येक ठिकाणी तसाच चुकलेला, 'पहील्यांदा'.

"संदर्भात ते छान वाक्य पण घालू?" रिया मोठ्यानं वाचायला लागली. "उजेड होता, पण अडकलेला. धुकं कसं, तर उकड्या तांदळाच्या पेजेसारखं दाट."

रश्मीला सकाळी हेच वाक्य आवडलं होतं. वाचल्याबरोबर पटलं होतं, घरच्या माणसानं समजावून सांगावं तसं. आकडा खरा मानायला तिला तेवढंच पुरलं होतं.

"कोणी लिवलां तां?" शेवंतीनं विचारलं.

"आजी, पुण्याची कोणतरी बाई," रिया म्हणाली. "खाली तिचां नाव आसा."

"पुण्यात पेज खंय खातत गो? आनि ती पन उकड्याची!" शेवंतीनं बांगड्यांवर पाणी शिंपडलं. "ह्यां लिवणारो मानूस आपल्याकडचोच."

हे वाक्य आधीही कुठेतरी पाहिल्यासारखं रश्मीला वाटलं. तिनं शाळेतल्या पालकांचा ग्रुप उघडला आणि शोधाच्या पट्टीत एकच शब्द टाकला, पेज.

एकच मेसेज आला. चार वर्षांपूर्वीचा, शाळा घरातूनच चालायची तेव्हाचा. शीर्षक, 'मुलांसाठी सोप्या भाषेत'. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का त्यावर नव्हता. तो कुठूनही आलेला नव्हता. तो निघालाच इथून होता. पहील्यांदा, अडतीस लाख, पेज. आणि वर पाठवणाऱ्याच्या जागी, 'तुम्ही'.

तिला ती दुपार आठवली. धाकटा मांडीवर रडत होता, शेगडीवर पेज उतू जात होती, आणि तिनं इंग्रजीतल्या तीनशे ऐंशी हजारांचे मनातल्या मनात लाख केले होते. तेवढ्यात कुठेतरी एक शून्य जास्त पडलं होतं.

बाजाराच्या घड्याळात पावणेपाच.

काही न बोलता तक्ता गुंडाळला असता तर चाललं असतं. दहा पानं साक्षीला होती. परीक्षकानंही शोधलं असतं तर त्याला हेच सापडलं असतं.

"रिया, थांब." रश्मी म्हणाली. "तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. तीन लाख ऐंशी हजार."

"पण दहा जणांनी..."

"दहा नाहीत. एकच आहे." तिनं मोबाइल पुढे केला.

रियानं वाचलं. वरचं 'तुम्ही' वाचलं, पुन्हा मेसेज वाचला. तिनं मार्करचं टोपण काढलं, आकड्यावर एक सरळ रेघ मारली आणि वर खरा आकडा लिहिला. काळ्या कागदावर खाडाखोड अगदी चंद्रासारखी उठून दिसत होती. संदर्भाच्या चौकटीत तिनं त्या एकट्या इंग्रजी पानाचा पत्ता उतरवून काढला, एकेक अक्षर ताडून.

मग तिनं मान वर केली. आईशी ती एरवी पुस्तकातलं मराठी बोलायची, रश्मीनंच लावलेली सवय होती ती.

"आई," ती मालवणीत म्हणाली, "दुसरीतली बेरीज, माझां औषध, देवाची गोष्ट... तां सगळां तू खंयसून घेतलेलंस?"

शेजारी शेवंतीनं नव्या गिऱ्हाइकासमोर बांगडा धरला आणि बोटानं त्याचा कल्ला उघडून दाखवला.