ट्रॅक्शनवाले

"ट्रॅक्शनवाले आत या!"

कंपाउंडरनं दारातून हाक दिली आणि बाकावरून दोघं उठले. एक या टोकाचा, एक त्या टोकाचा. इतका वेळ दोघांनीही तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं होतं. ते खाली आलं आणि बाप-लेक समोरासमोर उभे राहिले.

बाप घरी सांगून आला होता, दाढ दाखवायला जातोय. मुलगा सांगून आला होता, चष्म्याचा नंबर काढायला.

"तू इथे कसा?"

"मान," मुलगा म्हणाला.

"माझीही मानच," बाप म्हणाला.

आत डॉक्टर बाई निघाल्या. टेबलावर यंत्र मांडलेलं होतं. दोन बारीक दांड्या, एक कडं, एक पट्टा, फिरवायचा स्क्रू. ते मानेचं नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"एकाच घरचे का? बरं झालं, एकदाच दाखवते," बाई म्हणाल्या. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून दोघंही शेजारीशेजारी बसले. "लिंगात आतून गाठ धरते, मग ते ताठताना वाकतं, संबंध जमेनासा होतो. पेरोनीज म्हणतात याला. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. शॉकवेव्हच्या मशीननं दुखणं कमी होईल, बाक जाणार नाही. हे रोज लावलंत, पाच-सहा महिने नेमानं, तर बाक थोडा उतरेल. थोडा म्हणजे थोडाच. चमत्कार हवा असेल तर भिंतींवर जाहिराती भरपूर आहेत." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "घराण्यात आधी कुणाला? कधीकधी हे घराण्यात चालतं."

दर तिसऱ्या वाक्याला घराणं काढणाऱ्या बापाला घराण्याविषयी पहिल्यांदाच काही सुचेना. तो स्क्रू निरखत बसला.

याच बापानं मूल होत नाही म्हणून तीन वर्षं सुनेला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवलं होतं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. सगळं स्वच्छ. तरी जेवताना तिच्या ताटाकडे बघत तो म्हणायचा, "खाण्यात काही कमी नाही, मग अडलंय कुठे?" येत्या रविवारी त्यानं तिच्या आईवडिलांना बोलावलं होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायला. तुमची मुलगी परत न्या, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मुलगा यावर चकार शब्द बोलला नव्हता. तो चष्मा पुसत असे.

दोन खोकी घेऊन दोघं जिना उतरले.

"किती दिवस झाले?" बापानं विचारलं.

"तीन वर्षं. तुम्हाला?"

"दोन." बाप थांबला. "सूनबाईला माहीत आहे?"

"तिला नाही तर कुणाला माहीत असणार, बाबा?"

"मग ती बोलली का नाही?"

"मी शपथ घातली होती. इथली वेळही तिनंच घेतली. म्हणाली, आता तरी जा."

बाप खोकं काखेत मारून घराकडे चालू लागला. त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण दुसऱ्या चौकापर्यंत ती ओसरली आणि तिच्या जागी मोठेपणा आला. झालं गेलं विसरून जावं. आपण वडीलधारे, आपणच पोटात घालावं. कारण सांगायची गरज नव्हती. माफी मागायची तर नव्हतीच.

दारात बायकोनं विचारलं, खोक्यात काय? "ब्लडप्रेशरचं मशीन," तो म्हणाला. "एकावर एक फुकट होतं." आणि तिला पुढे बोलू न देता तो थेट स्वयंपाकघरात गेला. सून ओटा पुसत होती. त्यानं घसा खाकरला. सगळ्या जन्मात इतक्या मऊ आवाजात तो कुणाशी बोलला नव्हता.

"सूनबाई, रविवारची बैठक मी रद्द केलीय. आईवडिलांना कळव, उगीच दगदग करून येऊ नका म्हणावं. आमचं काही म्हणणं उरलेलं नाही."

तिनं फडकं पिळलं, नळावर वाळत घातलं आणि पदराला हात पुसले.

"येऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "येताना माझ्या सामानाला टेम्पो घेऊन या म्हणून मी सकाळीच सांगितलंय."