मारका

थोरल्याला सांगून सांगून म्हातारीची जीभ झिजली, की घोड्याला घोडी दाखवायच्या शेडात चाबूक आणायचा नाही. पण आईचं ऐकलं तर मिशीचा पीळ उतरतो ना त्याच्या! आजही आणलाच.

घोडीचे मागचे पाय दोराने जखडलेले, वरचा ओठ फासात पिळलेला. लाथ झाडायची सोय नाही. समोर तांबडा. सात पिढ्यांचं रक्त पारखून म्हातारीने निपजवलेला, ओलं शिंगरू असताना स्वतःच्या हातांनी पुसलेला. चार वर्षं त्याने मैदान मारलं. शेवटच्या वळणाला उजव्या पुठ्ठ्यावर चाबूक पडला, की वाऱ्याला मागे टाकायचा. आता मैदान सुटलं होतं आणि ही त्याची पहिली घोडी. तो लांबूनच हुंगत होता.

"नवरदेव लाजतोय," मोतद्दार हसला. "दमानं घेऊ, मालक."

"लाडावलाय नुसता!" थोरल्याने उजव्या पुठ्ठ्यावर सपकन फटका ओढला.

तांबड्याला चाबकाचा अर्थ एकच ठाऊक: पळ. तो सुटला. समोर बांधलेली घोडी. त्याची छाती आदळली तशी ती जखडल्या पायांनिशी कोसळली. वाळकं लाकूड मोडावं तसं हाड कडाडलं. थोरल्याने दुसरा फटका थेट तोंडावर हाणला. तांबड्याने त्याचा दंड दातांत धरला आणि त्याला भिंतीवर आपटलं. मोतद्दार तांबड्याच्या साखळीला लोंबकळला तेव्हा कुठे दंड सुटला. भिंतीवर रक्ताचा पट्टा उमटला.

शेडात हजर असलेल्या गुरांच्या डॉक्टरने घोडीला सुई टोचली. तिची तडफड कायमची थांबली.

"दुसरी सुई भरा!" थोरला दंड आवळत ओरडला. "मारकं जनावर फाटकाच्या आत नको. तुझाच कायदा ना, आई?"

"माझाच."

सून पाण्याचा पेला घेऊन धावत आली. तो घ्यायला थोरल्याने दुसरा, धड हात उचलला. तिने चटकन मान वळवून चेहरा कोपराआड केला, पाणी सांडलं. पलीकडे तांबडाही त्या उचललेल्या हातासरशी भिंतीला चिकटला.

म्हातारीने दोघांकडे पाहिलं. मग डॉक्टरच्या हातातली भरलेली सुई काढून घेतली आणि टाचेखाली चिरडली.

"फाटक उघड रे," ती मोतद्दाराला म्हणाली. "सूनबाई, तू थांब इथंच."

मग ती थोरल्याकडे वळली.

"दंड बांधून घे आणि चालता हो. कायदा माझाच आहे."