पटाबाहेर

"यातलं एक जहाज मिथुनची बोट म्हणून धर," गुणाबाई म्हणाली, "आन् सांग मला, ती आता कुठं हाय."

पनवेलच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, आंग्र्यांच्या काळातला समुद्र पसरला होता. मुंबईपासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा, पाण्यावर छापलेली सहा कोनांची घरं आणि पुठ्ठ्याची जहाजं. गुणाबाईचा थोरला मुलगा कल्पेश दर रविवारी दोस्तांबरोबर या पटावर लढाई खेळायचा. करंज्याहून आई आली की तिचं ठरलेलं, "चाळिशीला आला नि होड्या ढकलतोय! धाकटा बघ, खऱ्या दर्यात जातो."

त्या धाकट्याची, मिथुनची, बोट चार दिवसांपूर्वी रेवदंड्यासमोर बंद पडली. आधी इंजिन गेलं, मग वायरलेस. आज सकाळी कळलं की सरकारी शोध थांबवलाय. आता करंज्याच्या धक्क्यावर चुलतभाऊ निकेश आपली बोट घेऊन तयार होता. पण टाकीत मावेल तेवढ्या डिझेलमध्ये एकच दिशा गाठता येणार होती. कुठली, तेवढं सांगा, म्हणून तो फोन धरून होता.

"आये, खेळ आहे गं हा," कल्पेश म्हणाला. "यात वारा फाशावर ठरतो."

"मग टाक फासा."

"असं नसतं ते."

"मग कसं असतं? एवढी यंत्रं लावून त्यांनी तरी काय दिवे लावले?"

नाही म्हणायला हवं होतं. पण कल्पेश स्वतःच इतका घाबरला होता की त्याने मुकाट्याने जवळचं जहाज उचललं. गुणाबाईनं त्याच्या हातावर चापट मारली.

"इंग्रजाचं नको. आपलं घे."

कल्पेशनं आंग्र्यांचं एक गलबत रेवदंड्यासमोरच्या घरात ठेवलं. खेळाचा नियम साधा होता. शीड तुटलेलं गलबत दर डावाला वाऱ्याबरोबर एक घर वाहत जातं. वारा जमिनीकडून होता. फाशावर एक किंवा सहा पडला तरच तो फिरणार, नाहीतर आहे तसाच. एक डाव म्हणजे किती वेळ, हे मात्र गुणाबाईनं ठरवलं. एक भरती, एक ओहोटी. चार दिवसांचे आठ डाव.

तीन पडला. गलबत एक घर बाहेर, खोल पाण्याकडे गेलं. मग चार. मग दोन.

"नीट हलवत नाय तू. आण इकडं!"

तिनं फासा कपाळाला लावला, एकवीरा आईचं नाव घेतलं आणि टाकला. पाच. "मेल्या, तुझं वाटोळं होवो!" ती फाशावर ओरडली आणि तिला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत तिनं फासा परत कल्पेशपुढे सारला. पुन्हा चार. गलबत कागदाच्या अगदी काठाला जाऊन टेकलं.

सहावा डाव. कल्पेशला फासा हलवतासुद्धा येईना, तो नुसता हातातून सुटला. तीन.

"ढकल की."

"पुढे घर नाही, आये."

"मंग?"

कल्पेश तिच्याकडे बघत नव्हता. "पटाबाहेर गेलेलं जहाज परत येत नाही. उचलून डब्यात टाकतात."

टेबलावरच्या फोनमधून निकेशचा आवाज आला, "दादा, दोर सोडू का? बोल ना काहीतरी!"

गुणाबाईनं बोटानं गलबत कागदावरून खाली, टेबलाच्या सनमायकावर सरकवलं आणि बोट त्यावर दाबून धरलं.

"दर्या काय तुझ्या कागदावर संपतो? अजून दोन डाव हायेत. टाक फासा."